दुकानदार बेंजामिन फ्रँकलिन: शुक्रवारचा कट्टा, ४० शिलिंगांची वर्गणी आणि एका लायब्ररीची गोष्ट

१७२९ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एक नवाकोरा छापखाना बुडायच्या बेतात होता.

छापखान्याचे मालक दोन. एक दारूच्या नादी लागलेला, तर दुसरा रात्री उशिरापर्यंत खिळे जुळवत बसणारा. यंत्र आणि खिळे लंडनहून मागवायला २०० पौंड लागणार होते. पहिल्या भागीदाराच्या वडिलांनी त्यातले १०० पौंड भरले, पण उरलेले १०० भरणं त्यांना काही जमेना. ज्या व्यापाऱ्याचे पैसे अडकले होते, तो थेट कोर्टात गेला. आता पैसे उभे राहिले नाहीत तर यंत्र, खिळे सगळं जप्त होऊन मिळेल त्या भावात विकलं जाणार होतं.

अशा वेळी दोन मित्र या दुसऱ्या मालकाकडे आले. एकत्र नाही, वेगवेगळे. एकाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. दोघांनीही एकट्याने सगळी रक्कम द्यायची तयारी दाखवली. त्याने दोघांकडून निम्मे निम्मे पैसे घेतले, देणं फेडलं, भागीदाराला मोकळं केलं आणि छापखाना एकट्याच्या नावावर केला.

या मालकाचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. तोच, ज्याचा चेहरा आज १०० डॉलरच्या नोटेवर आहे.

फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला विजेच्या कडकडाटात उडवलेला पतंग आठवतो, नाहीतर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. पण वयाच्या ४२ व्या वर्षापर्यंत या माणसाची ओळख साधी होती. तो एक छोटा व्यावसायिक होता. दुकानात कागद, शाई, वह्या, पंचांगं विकायचा आणि गिऱ्हाइकांच्या पावत्या छापून द्यायचा.

आणि ते दोन मित्र? विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस. दोघंही फ्रँकलिनने सुरू केलेल्या एका अभ्यासगटाचे सदस्य होते. याच गटातून पुढे अमेरिकेतली एक ऐतिहासिक लायब्ररी उभी राहिली. छोटा धंदा करणाऱ्या माणसाने शिकायचं कुठे, कुणाकडून आणि कोणत्या पैशांनी, या प्रश्नाचं उत्तर फ्रँकलिनने आयुष्यभर शोधलं. ही गोष्ट त्या शोधाची आहे.

शाळा दोन वर्षं, गणितात नापास

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बोस्टनचा. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. घरात एकूण १७ भावंडं, त्यात बेंजामिनचा नंबर १५ वा. एवढ्या मोठ्या कुटुंबात एका पोराला जास्त शिकवणं परवडणारं नव्हतं. आठव्या वर्षी शाळेत गेलेला बेंजामिन दहाव्या वर्षी वडिलांच्या दुकानात वाती कापायला बसला. शाळेत असताना तो गणितात नापास झाला होता.

मेणबत्त्यांच्या कामात त्याचं मन रमेना. पोरगं एक दिवस पळून जाऊन जहाजावर खलाशी होईल, ही वडिलांची धास्ती. मग वडिलांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ते त्याला बरोबर घेऊन गावातल्या कारागिरांकडे फिरले. सुतार, गवंडी, लेथवर काम करणारे, पितळेची भांडी घडवणारे असे सगळे आपापलं काम कसं करतात, ते त्याला दाखवलं. कुठल्या कामावर त्याची नजर ठरते, हे त्यांना बघायचं होतं. फ्रँकलिनला आयुष्यभर चांगल्या कारागिराला हत्यार हाताळताना बघायला आवडायचं. त्याचं मूळ या फेरफटक्यांमध्ये होतं.

शेवटी पुस्तकांचं वेड बघून वडिलांनी त्याला मोठा भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला लावलं. वय वर्षं १२. करार २१ व्या वर्षापर्यंतचा. तोवर फुकट राबायचं, फक्त शेवटच्या वर्षी मजुरी मिळणार.

रात्रीत संपवायची पुस्तकं

छापखान्यात आल्याचा एक मोठा फायदा झाला. पुस्तकविक्रेत्यांकडे काम करणाऱ्या पोरांशी त्याची ओळख झाली. ही पोरं त्याला दुकानातलं पुस्तक संध्याकाळी द्यायची. अट एकच, सकाळी दुकान उघडायच्या आत ते जागेवर हवं. मग फ्रँकलिन रात्रभर जागून पुस्तक संपवायचा.

पुढे १६ व्या वर्षाच्या आसपास त्याने मांस खाणं सोडलं आणि भावाकडे एक प्रस्ताव ठेवला. माझ्या जेवणावर जेवढा खर्च करतोस त्याच्या निम्मे पैसे मला दे, माझं मी बघतो. भाऊ खूश. फ्रँकलिनने त्या निम्म्यातलेही निम्मे वाचवले आणि त्यातून पुस्तकं घेतली. बाकीचे जेवायला बाहेर गेले की हा पाव, मनुका असं काहीबाही खाऊन छापखान्यातच वाचत बसायचा. शाळेत ज्या गणिताने दगा दिला होता, ते त्याने याच काळात पुस्तक घेऊन स्वतःचं स्वतः पूर्ण केलं.

लिहायलाही तो असाच शिकला. चांगला लेख वाचायचा, त्याचे मुद्दे टिपून ठेवायचे, काही दिवसांनी मूळ लेख न बघता तो स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि मग मूळ लेखाशी ताडून चुका शोधायच्या. गुरू नाही, वर्ग नाही, फी नाही. १७२२ मध्ये त्याने एका विधवा बाईच्या टोपणनावाने १४ पत्रं लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. भावाने ती आपल्या पेपरात छापली. लेखक घरातलाच आहे, हे त्याला बरेच दिवस कळलं नाही.

पण भावाशी पटेना. मारहाणही व्हायची. १७२३ मध्ये १७ वर्षांचा फ्रँकलिन करार मोडून पळाला. न्यूयॉर्कमध्ये काम मिळालं नाही म्हणून पुढे फिलाडेल्फियात पोचला. तेव्हा त्याच्या खिशात एक डच डॉलर आणि थोडी चिल्लर होती.

गव्हर्नरचा शब्द आणि लंडनचा धडा

फिलाडेल्फियात सॅम्युअल कायमर नावाच्या माणसाच्या छापखान्यात त्याला काम मिळालं. पोराची हुशारी प्रांताचे गव्हर्नर विल्यम कीथ यांच्या कानावर गेली. त्यांनी सांगितलं की तू लंडनला जा, छापखान्याचं सामान घेऊन ये, उधारीची पत्रं मी देतो. सरकारी माणसाचा शब्द! फ्रँकलिन १७२४ च्या शेवटी लंडनला पोचला आणि तिथे त्याला कळलं की गव्हर्नरने एकही पत्र दिलेलं नाही. अठराव्या वर्षी, परक्या शहरात, हातात काहीच नाही.

रडत बसण्यापेक्षा त्याने तिथल्या नावाजलेल्या छापखान्यांमध्ये नोकरी धरली. हे त्याचं खरं कॉलेज ठरलं. लंडनमध्ये खिळे कसे ओततात ते त्याने पाहिलं होतं. पुढे फिलाडेल्फियात खिळे कमी पडले तेव्हा त्याने तिथल्या तिथे साचा बनवून ते ओतले.

लंडनमध्ये तो जिथे राहायचा, त्याच्या शेजारी जुन्या पुस्तकांचं एक भलंमोठं दुकान होतं. तेव्हा पुस्तकं भाड्याने देणाऱ्या लायब्ररी रुळलेल्या नव्हत्या. फ्रँकलिनने दुकानदाराशीच सौदा केला. ठरावीक पैसे घे, मी पुस्तक नेतो, वाचतो आणि परत आणून देतो. विकत घ्यायची ऐपत नसली तरी वाचण्याची सोय करता येते, ही कल्पना तेव्हापासून त्याच्या डोक्यात होती.

१७२६ मध्ये थॉमस डेनम नावाच्या व्यापाऱ्याबरोबर तो परतला. त्यांच्या दुकानात कारकुनी करताना हिशोब ठेवायला आणि माल विकायला शिकला. डेनम आजारी पडल्यावर पुन्हा कायमरचा छापखाना. आणि मग १७२८ मध्ये ह्यू मेरेडिथ या सहकाऱ्याबरोबर भागीदारीत स्वतःचा. ज्याची गोष्ट आपण सुरुवातीला पाहिली, तोच.

शुक्रवारचा कट्टा

छापखाना सुरू होण्याच्या आधीच, १७२७ मध्ये, फ्रँकलिनने एक काम केलं होतं. ओळखीतल्या होतकरू पोरांना गोळा करून एक मंडळ काढलं. नाव ‘जंटो’. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचं. आधी एका दारूच्या गुत्त्यात, नंतर रॉबर्ट ग्रेसच्या घरातल्या एका खोलीत.

या मंडळात कोण होतं ते बघा. जोसेफ ब्रेंटनॉल दस्तऐवजांच्या नकला करून पोट भरायचा. थॉमस गॉडफ्रे खिडक्यांना काचा बसवायचा आणि स्वतःच्या बळावर गणित शिकला होता. विल्यम पार्सन्स मूळचा चांभार. निकोलस स्कल जमीन मोजायचा. विल्यम मॉग्रिज सुतार. कोलमन एका व्यापाऱ्याकडे कारकून. दोन-तीन जण छापखान्यातले. पैसेवाला म्हणावा असा एकटा ग्रेस.

गप्पांना शिस्त होती. २४ प्रश्नांची एक यादी ठरलेली होती आणि बैठकीत ती समोर ठेवली जायची. अलीकडे काय वाचलं? गावात कुणाचा धंदा बुडाला आणि का? कुणाचा जोरात चाललाय आणि कशामुळे? गावात नवा माणूस आलाय का, त्याला काही मदत करता येईल का? नव्याने धंद्यात उतरलेल्या कुणाला आधार हवाय का? याशिवाय प्रत्येकाने आळीपाळीने एखाद्या विषयावर चर्चेसाठी मुद्दा मांडायचा आणि तीन महिन्यांतून एकदा निबंध लिहून वाचायचा. वाद घालायचा, पण जिंकण्यासाठी नाही. फार ठासून बोलणाऱ्याला आणि समोरच्याला थेट खोडून काढणाऱ्याला छोटासा दंडही होता.

आता यातून काय झालं?

पहिलं म्हणजे धंदा मिळाला. ब्रेंटनॉलने ओळखीने क्वेकर पंथीयांच्या इतिहासाचे ४० फर्मे छापायचं काम मिळवून दिलं. दर कमी होता. फ्रँकलिन रोज एक फर्मा जुळवायचा, रात्री ११ वाजले तरी हटायचा नाही. लोक जाता-येता त्याच्या खिडकीतला दिवा बघायचे आणि त्यातून बाजारात पत तयार झाली.

दुसरं म्हणजे संधी दिसली. तेव्हा पेनसिल्व्हेनियात कागदी चलन वाढवावं की नाही, हा वाद तापला होता. जंटोमध्ये यावर चर्चा झाल्या. त्यातून विषय पक्का झाल्यावर फ्रँकलिनने १७२९ मध्ये चलनाच्या बाजूने एक पुस्तिका काढली. चलन वाढवण्याचा निर्णय झाला आणि पुढे नोटा छापायचं काम त्याच्या छापखान्याला मिळालं. त्याच वर्षी त्याने कायमरकडून जेमतेम ९० वर्गणीदार असलेला एक रडतखडत चालणारा पेपर विकत घेतला. ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’. पुढे तो अमेरिकन वसाहतींमधला नावाजलेला पेपर झाला.

आणि तिसरं म्हणजे जप्तीच्या तोंडावर आलेला छापखाना वाचला. कोलमन आणि ग्रेस यांना फ्रँकलिनच्या कामाची खात्री होती, कारण ते त्याला दर शुक्रवारी बघत होते. अशी ओळख तारण म्हणून ठेवता येत नाही, पण त्या दिवशी तिच्यावरच कर्ज मिळालं.

४० शिलिंगांत लायब्ररी

चर्चा करताना एक अडचण सारखी यायची. मुद्दा पडताळून बघायला पुस्तक हाताशी नसायचं. फिलाडेल्फियात तेव्हा पुस्तकांचं चांगलं दुकानच नव्हतं. छापखानेवाले कागद, पंचांगं, गाण्यांची चोपडी आणि शाळेची क्रमिक पुस्तकं विकायचे. बाकी काही हवं असेल तर इंग्लंडहून मागवायचं आणि महिनोन्महिने वाट बघायची. कारागिराच्या खिशाला हे झेपणारं नव्हतं.

फ्रँकलिनने आधी सोपा उपाय सुचवला. प्रत्येकाने आपापली पुस्तकं आणून बैठकीच्या खोलीत ठेवायची. सगळ्यांना सगळी वाचायला मिळतील. कल्पना छान होती, पण चालली नाही. पुस्तकं अपेक्षेपेक्षा कमी जमली आणि जमली त्यांची नीट काळजी घेतली गेली नाही. साधारण वर्षभराने ज्याने त्याने आपली पुस्तकं घरी नेली.

सगळ्यांचं आहे म्हणजे कुणाचंच नाही, हा अनुभव आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीपासून गावच्या विहिरीपर्यंत सगळ्यांना आहे. फ्रँकलिनने त्यातून धडा घेतला. नुसत्या चांगुलपणावर लायब्ररी चालत नाही. तिला नियम, वर्गणी आणि जबाबदार माणूस लागतो.

१ जुलै १७३१ रोजी ‘लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया’चा करार झाला. हिशोब सरळ होता. सुरुवातीला प्रत्येकी ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड, आणि नंतर दरवर्षी १० शिलिंग. असे ५० सभासद जमवायचे. एकट्याला जे पुस्तक परवडत नाही ते ५० जणांना सहज परवडतं. कारागीर भांडवलासाठी भिशी लावतात, तसंच हे, फक्त जमलेल्या पैशांतून पुस्तकं येणार होती.

पण गावात ५० वाचक मिळवणंच अवघड गेलं. वर्गणी मागायला फिरताना फ्रँकलिनच्या एक गोष्ट लक्षात आली. ही माझी योजना आहे, असं म्हटलं की लोक बिचकतात. शेजाऱ्याचं नाव मोठं होईल अशा कामाला कुणी पटकन पैसे देत नाही. मग त्याने स्वतःला मागे ठेवलं. काही मित्रांची अशी योजना आहे आणि वाचनाची आवड असलेल्यांना भेटायला त्यांनी मला पाठवलंय, असं तो सांगू लागला. वर्गणी जमू लागली. सार्वजनिक कामाची ही युक्ती त्याने पुढे कित्येकदा वापरली.

पुस्तकं कोणती घ्यायची, याचा सल्ला शहरातले मोठे विद्वान जेम्स लोगन यांच्याकडून घेतला. मार्च १७३२ मध्ये ४५ पौंडांची पहिली ऑर्डर लंडनला गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुस्तकं आली.

ती यादी बघण्यासारखी होती. त्या काळातल्या मोठ्या ग्रंथसंग्रहांमध्ये धर्मग्रंथांचा आणि लॅटिन पुस्तकांचा भरणा असायचा. इथे इतिहास, गणित, विज्ञान, शेती, बांधकाम असे विषय होते आणि बहुतेक पुस्तकं इंग्रजीत होती. कारण वाचणारे पाद्री किंवा प्राध्यापक नव्हते. ते सुतार, काचवाले आणि दुकानदार होते.

वेळाही धंदेवाल्यांच्या सोयीच्या. बुधवारी दुपारी २ ते ३ आणि शनिवारी सकाळी १० ते ४. सभासद पुस्तक घरी नेऊ शकायचे. सभासद नसलेल्यांनाही मुभा होती, मात्र त्यांना पुस्तकाच्या किमतीला पुरेल एवढी अनामत ठेवावी लागायची.

वर्गणी आणि अनामत हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, आणि गावोगावची आपली नगर वाचनालयं वर्षानुवर्षं याच दोन पायांवर उभी आहेत.

लायब्ररीने धंद्याला काय दिलं?

फ्रँकलिन रोज तासभर, कधी दोन तास लायब्ररीतल्या पुस्तकांसाठी राखून ठेवायचा. जे शिक्षण वडिलांना देता आलं नाही, त्याची कसर त्याने अशी भरून काढली. १७३३ पासून तो परकीय भाषांच्या मागे लागला. फ्रेंच, मग इटालियन, मग स्पॅनिश. इटालियन शिकताना एक मित्र त्याला सारखा बुद्धिबळाला ओढायचा. दोघांनी ठरवलं की जो जिंकेल त्याने हरणाऱ्याला इटालियनचा गृहपाठ द्यायचा. दोघं तोडीस तोड खेळायचे, त्यामुळे दोघंही इटालियन शिकले.

दुकानाच्या बाजूने बायको डेबोरा भक्कम उभी होती. दुकान सांभाळणं, पुस्तिका शिवणं, कागदासाठी चिंध्या विकत घेणं, ही कामं ती करायची. १७३२ च्या शेवटी फ्रँकलिनने ‘पुअर रिचर्ड’ या नावाने पंचांग काढलं. भरती-ओहोटी, ग्रहणं, हवामान आणि जोडीला काटकसरीचे चटपटीत सल्ले. वर्षाला साधारण १०,००० प्रती खपायच्या. ज्या घरात दुसरं पुस्तक नसायचं, तिथेही हे पंचांग असायचं.

आणि लायब्ररीतून त्याला एक भागीदारही मिळाला. लायब्ररीचा पहिला ग्रंथपाल लुई टिमोथी. हा माणूस त्याच्याकडे छापखान्यातही काम करायचा. १७३३ मध्ये फ्रँकलिनने त्याला दक्षिण कॅरोलायनात छापखाना चालवायला पाठवलं. करार सहा वर्षांचा होता. यंत्र आणि खिळे फ्रँकलिनचे. खर्चाचा एक तृतीयांश त्याचा, नफ्याचा एक तृतीयांशही त्याचा. मुदत संपली की चालवणाऱ्याने सामान विकत घेऊन मालक व्हायचं. हाताखालच्या कामगारांना अशा करारावर धंद्यात उभं करायची पद्धत त्याने पुढे इतर शहरांतही वापरली. आजच्या फ्रँचायझीची आठवण यावी असंच हे गणित आहे.

हिशोब येणारी एलिझाबेथ

या टिमोथी कुटुंबाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. लुई शिकलेला होता, प्रामाणिक होता, पण हिशोबात कच्चा. फ्रँकलिनला त्याच्याकडून नीट हिशोब कधीच मिळाला नाही. १७३८ मध्ये लुईचं निधन झालं आणि छापखान्याची जबाबदारी त्याची बायको एलिझाबेथवर आली.

एलिझाबेथ हॉलंडमध्ये वाढली होती. तिथे मुलींनाही हिशोब शिकवायचे. तिने आधी जुने व्यवहार जमतील तेवढे निस्तरले. मग दर तीन महिन्यांनी फ्रँकलिनला चोख हिशोब पाठवायला सुरुवात केली. पदरात मुलं असताना पेपर चालवला आणि कराराची मुदत संपल्यावर छापखाना विकत घेऊन मुलाच्या हाती दिला.

फ्रँकलिनच्या मनावर याचा खोल परिणाम झाला. मुलींना नाच-गाणं शिकवण्यापेक्षा हिशोब शिकवा, वेळ आली तर तेच कामाला येईल, असं त्याचं मत बनलं. १८ व्या शतकात अशी भूमिका घेणारे फार थोडे होते.

काचेच्या नळीने दिशा बदलली

लायब्ररीची लंडनमधली खरेदी पीटर कॉलिन्सन नावाचे कापडाचे व्यापारी बघायचे, तीही विनामोबदला. १७४० च्या दशकात त्यांनी पुस्तकांबरोबर एक काचेची नळी पाठवली. घासून वीज तयार करण्याचे प्रयोग करायची नळी. फ्रँकलिनने ती हातात घेतली आणि तो विजेच्या नादाला लागला.

तोवर धंदा इतका बसला होता की १७४८ मध्ये, ४२ व्या वर्षी, त्याने छापखाना डेव्हिड हॉल या भागीदाराकडे सोपवला. पुढची १८ वर्षं त्याला नफ्यातला वाटा मिळत राहिला आणि मोकळा वेळ प्रयोगांना मिळाला. विजेवरची त्याची पत्रं कॉलिन्सन यांच्याकडेच जायची, १७५१ मध्ये ती लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. मग पतंग, वीजवाहक, युरोपभर कीर्ती. त्यानंतरचं राजकारण, १७७६ चा जाहीरनामा, फ्रान्सशी केलेला तह, हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात आहे. १७७४ मध्ये वसाहतींचे प्रतिनिधी पहिल्यांदा एकत्र जमले ते फिलाडेल्फियाच्या कार्पेंटर्स हॉलमध्ये. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर तेव्हा ही लायब्ररी होती आणि प्रतिनिधींना तिची पुस्तकं खुली होती.

या लायब्ररीचं दार सगळ्यांसाठी नव्हतं

ही गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. ४० शिलिंग ही हातावर पोट असणाऱ्याला न परवडणारी रक्कम होती. आणि फिलाडेल्फियात असेही लोक होते ज्यांच्या स्वतःच्या श्रमावरही त्यांचा हक्क नव्हता. फ्रँकलिनच्या पेपरात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जायच्या आणि त्यातून पैसा यायचा. त्याच्या स्वतःच्या घरातही गुलाम होते. स्वतः उमेदवारीचा करार मोडून पळालेला माणूस पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती छापत होता.

उतारवयात त्याचं मत बदललं. १७८७ मध्ये तो गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि मृत्यूच्या दोन महिने आधी, फेब्रुवारी १७९० मध्ये, त्याच्या सहीचा गुलामगिरीविरोधी अर्ज अमेरिकेच्या संसदेत गेला. बदल खरा होता, पण उशिरा आलेला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

घंटेऐवजी पुस्तकं, आणि २०० वर्षांचं कर्ज

शेवटच्या वर्षांतल्या दोन गोष्टी मात्र त्याच्या सुरुवातीच्या दिवसांशी थेट जोडलेल्या आहेत.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाने १७७८ मध्ये त्याचं नाव घेतलं. फ्रँकलिन हेच गावाचं नाव. गावाने त्याच्याकडे चर्चसाठी घंटा मागितली. त्याने घंटेऐवजी पुस्तकं पाठवली, शंभराहून जास्त. १७९० मध्ये गावाने ठरवलं की ही पुस्तकं सगळ्या गावकऱ्यांना फुकट मिळतील. ४० शिलिंगांची अडचण तिथे उरली नाही.

दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. १७८९ मध्ये त्याने त्यात एक पुरवणी जोडली. बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १००० पौंड. यातून उमेदवारी पूर्ण केलेल्या, पंचविशीच्या आतल्या, लग्न झालेल्या कारागिरांना स्वतःचा धंदा सुरू करायला ५ टक्के व्याजाने कर्ज द्यायचं. दोन जामीन हवेत. दरवर्षी मुद्दलाचा दहावा भाग आणि व्याज फेडायचं. आलेला पैसा पुन्हा पुढच्या कारागिराला. असं १०० वर्षं चालवायचं, मग काही रक्कम सार्वजनिक कामाला वापरून उरलेली आणखी १०० वर्षं फिरवायची.

कारणही त्याने तिथेच नोंदवलंय. आपला छापखाना दोन मित्रांच्या कर्जावर उभा राहिला आणि पुढचं सगळं त्यावर घडलं. कोलमन आणि ग्रेस. ६० वर्षांनंतरही तो त्यांना विसरला नव्हता.

१७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी फ्रँकलिनचं निधन झालं. योजना मात्र ठरल्याप्रमाणे सरळ चालली नाही. कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मोडीत निघाली आणि अटीत बसणारे कारागीर मिळेनासे झाले. कर्जवाटप थंडावलं. पण पैसा वाढत राहिला. बोस्टनमध्ये त्यातून आणि अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १९०८ मध्ये कामगारांसाठी एक तांत्रिक शिक्षणसंस्था सुरू झाली. ती आजही फ्रँकलिनच्या नावाने चालते. १९९० मध्ये २०० वर्षं पूर्ण झाली तेव्हा बोस्टनचा निधी ४० लाख डॉलरच्या पुढे गेला होता आणि फिलाडेल्फियाचा २० लाखांच्या घरात होता.

आज याचं काय?

लायब्ररी म्हणजे कथा-कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. दुकानदार तिथे कशाला जाईल? पण अमेरिकेत फ्रँकलिनच्या कल्पनेला पुढे वेगळी फांदी फुटली. १९०४ मध्ये न्यूअर्क शहरात जॉन कॉटन डेना या ग्रंथपालाने खास व्यावसायिकांसाठी लायब्ररीची शाखा काढली. आज फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक लायब्ररीत छोट्या व्यावसायिकांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. बाजारपेठेची माहिती देणारे महागडे डेटाबेस तिथे फुकट बघता येतात आणि धंदा सुरू करण्यावर कार्यशाळा होतात. एकट्या दुकानदाराला न परवडणारी गोष्ट सगळ्यांनी मिळून परवडणारी करायची, हे गणित १७३१ चंच आहे.

आपल्याकडे धंद्याचे सल्ले फोनवर ढिगाने मिळतात. फ्रँकलिनच्या आयुष्यात बघितलं तर माहितीएवढीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट दिसते. वाचलेल्यावर दर आठवड्याला बोलायला दहा-बारा माणसं, आणि त्यातलंच कुणीतरी वेळेला उभं राहणारं. गावातल्या वाचनालयाची एक खोली, ठरलेला वार आणि गावात कुणाचा धंदा का बुडाला, हा एक प्रामाणिक प्रश्न. सुरुवात करायला एवढंही पुरेल. जंटोची सुरुवात तर गुत्त्यात झाली होती.